मानसोपचार वॉर्ड कसा असावा, हे तिथे राहून आलेल्यांना विचारायचं तरी कसं?

गेरूचौकट | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मी आर्किटेक्ट आहे. एक शाळा, दोन बँका, एक मंगल कार्यालय आणि बऱ्याच लोकांची स्वयंपाकघरं एवढा माझा पसारा. आता एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचार वॉर्डचं काम आलंय. २४ खाटा, जुनी इमारत, गळका स्लॅब. काय हवं आहे त्याचा कागद मिळाला तो अर्ध्या पानाचा: धुता यावं, मोडू नये, आणि सिस्टरांच्या टेबलावरून सगळे दिसावेत. वाचून कळेना, गोठा बांधायचाय की गोदाम.

मीटिंगमध्ये विचारलं, इथे राहिलेल्या पेशंटना कुणी विचारलंय का? एक ज्येष्ठ डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, "मॅडम, ते एकच सांगतील, घरी सोडा."

तरी परवानगी काढून एक फॉर्म दिला. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. खाट, उजेड, संडास-बाथरूम, जेवणाची जागा, प्रत्येकापुढे एक खूण करायची. १९ जणांनी भरला. १७ जणांनी सगळीकडे हसरा चेहरा! बाथरूमलासुद्धा. मी ती बाथरूमं पाहिली आहेत हो.

म्हणजे माझं विचारणंच कुठेतरी चुकतंय. इथे कुणी पेशंट, नातेवाईक किंवा स्टाफ म्हणून अशा वॉर्डात राहिलं असेल तर सांगा: काय विचारू, कधी आणि कुणाला? हॉस्पिटलांची नावं नकोत.

(मंगल कार्यालयाचं पार्किंग चुकलंय हे मला माहीत आहे. त्याचा धागा वेगळा आहे.)

बोरकूट | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५२

पहिला! बाकी "घरी सोडा" हे उत्तर चुकीचं कुठाय? अर्ध्या पानापेक्षा नेमकं आहे.

झिरोचा_दिवा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३५

दोनदा ॲडमिट होतो. पहिल्यांदा २३ दिवस, नंतर १६.

हसऱ्या चेहऱ्यांचं गणित सोपं आहे ताई. फॉर्म वाटला कुणी? सिस्टरांनी. गोळा केला कुणी? त्यांनीच. डिस्चार्ज ठरतो तो त्याच टेबलावरून राऊंडला जाणाऱ्या फायलीवर. तिथे "कुरकुर करतो" असं लिहिलं गेलं तर आणखी आठवडा. खरं असो नसो, आत सगळे हेच धरून चालतात. मी असतो तर अठरावा हसरा चेहरा माझा.

आता बाथरूमचं सांगतो. आतून कडी नव्हती. ढकललं की दार उघडं. मग आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून सतत आवाज करत राहायचं. कुणी खाकरायचा, कुणी आरती म्हणायचा. मी पाढे म्हणायचो. बारापासून सुरुवात, एकोणिसाचा संपेपर्यंत आंघोळ उरकायची. बाहेर रांगेतले एकमेकांना सांगायचे, "सतरावर आलाय, साबण लावून झाला असेल." आज हसू येतं. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. तुमच्या फॉर्मातल्या "बाथरूम" रकान्यात हे कुठल्या चेहऱ्यात बसवणार?

आणि एक करा. प्लॅन हातात घेऊन उभ्याने फिरू नका, खाटेवर आडव्या व्हा. पेशंटला वॉर्ड म्हणजे छत. माझ्या डोक्यावर ओलीचा एक डाग होता, गुजरातसारखा. सोळा दिवसांच्या पावसात तो मध्य प्रदेशात शिरला.

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

२२ वर्षं मानसोपचार वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. झिरो भाऊ, पाढ्यांचं वाचून पोटात कालवलं. पण आमचीही बाजू ऐका. रात्री चाळीस पेशंट, आम्ही दोघी आणि एक वॉर्डबॉय मामा. बंद दाराआड कुणाला फिट आली किंवा कुणी जिवाचं काही करून घेतलं, तर चौकशी दाराची होत नाही, सिस्टरची होते. आमच्या वॉर्डातल्या कड्या आम्हीच काढायला लावल्या होत्या. एका प्रसंगानंतर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि गेरूताई, २२ वर्षांत मलाही कुणी काही विचारलं नाही, हेही लिहून ठेवा. नवं काउंटर आलं ते एवढं उंच की खुर्चीत बसलं तर एकही खाट दिसेना. मावश्यांच्या तर वाटेलाच कुणी जात नाही. कोण कुठल्या कोपऱ्यात जाऊन रडतं, हे मावशीला बिनचूक माहीत असतं.

थेम्सकाठचा_बंड्या | १५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

कडीवर उपाय आहे की. आतून लागते, आणि बाहेरच्या बाजूला खाच असते, त्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. पेशंटची लाज राहते, सिस्टरची नोकरी राहते.

विचारायचं कसं, यावर इकडचा अनुभव. इंग्लंडात २०१३ पासून "प्लेस" नावाची दरवर्षीची पाहणी आहे, मानसोपचाराची हॉस्पिटलंही त्यात येतात. पाहणी करणाऱ्या चमूत निदान निम्मी माणसं पेशंटच्या बाजूची लागतात, त्या हॉस्पिटलाचे नोकर चालत नाहीत. मी एकदा गेलो होतो. स्वच्छता, खाजगीपणा, डागडुजी, सगळ्याला गुण द्यायचे. जेवण तर चाखावंच लागतं. मॅश केलेला बटाटा खाऊन मी जो गुण दिला तो इथे लिहीत नाही.

पण त्यातली उणीव सांगतो. आपण जातो तेव्हा इमारत बांधून झालेली असते. भिंत चुकीच्या जागी आहे म्हणून तुम्ही गुण कापाल, भिंत थोडीच हलणार? त्यासाठी दुसरी पद्धत आहे. पेशंटशी सविस्तर बोलून ते चित्रित करायचं, त्यातला निवडक भाग स्टाफसोबत एकत्र बसून बघायचा, आणि मग दोघांनी मिळून काय बदलायचं ते ठरवायचं. पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी २००५-०६ च्या सुमारास कॅन्सरच्या पेशंटसोबत सुरू केली, पुढे मानसोपचारातही आली. "किती समाधानी आहात" असं विचारतच नाहीत. विचारतात, आलात तेव्हा काय झालं? मग काय झालं? रात्री काय झालं?

खडूस_काका | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

छान चाललंय. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मंजूर खाटाच २५४० आहेत. तिथे कुणाकुणाला पाच चेहरे दाखवणार? आधी डॉक्टर भरा, औषधं वेळेवर द्या. भिंतीला पिस्ता रंग लावून कुणाचा स्किझोफ्रेनिया बरा झाल्याचं ऐकलं नाही. बांधकामात तीस वर्षं काढली आहेत. ज्याला विचाराल तो काहीतरी सांगतो, टेंडरच्या भावात मात्र काहीच बसत नाही.

बोरकूट | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:२१

काका आले. धागा शंभरी गाठणार.

एक_आई | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

काका, कडी टेंडरच्या भावात बसत नाही का?

माझी मुलगी १९ वर्षांची असताना ११ दिवस ॲडमिट होती. जनरल हॉस्पिटलातला वॉर्ड, म्हणजे सोबत एक नातेवाईक हवाच. अकरा रात्री मी तिच्या खाटेखाली चटईवर झोपले. गेरूताई, तुमच्या कागदावर २४ खाटा असतील, पण वॉर्डात माणसं ४८ राहणार आहेत. त्या दुसऱ्या २४ जणांना प्लॅनमध्ये जागा कुठे आहे? त्यांची पिशवी कुठे ठेवायची, डबा कुठे उघडायचा, मोबाइल कुठे चार्ज करायचा? मी तर जिन्यात जाऊन रडायचे, कारण मुलीसमोर रडायचं नसतं आणि दुसरी जागा नव्हती. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबासोबत राहायचे वेगळे वॉर्ड कितीतरी वर्षांपासून आहेत, म्हणजे आपल्या देशात हे होत नाही असंही नाही.

आणि हे काही लाड नव्हेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याचं कलम २० काढून वाचा. खाजगीपणा, स्वच्छता, पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू, स्वतःचे कपडे घालायची मुभा, गणवेशाची सक्ती नाही, केस भादरायची सक्ती नाही. सगळं लिहिलंय. तरी माझ्या मुलीला पॅड काउंटरवर मागावं लागायचं, ड्युटीवरच्या ब्रदरकडे. वॉर्डच्या आखणीत एक छोटं कपाट बाथरूमच्या आत असतं तर संपला होता विषय. हे फॉर्मात कोण लिहील? ती तर मलाच चार दिवसांनी बोलली.

झिरोचा_दिवा | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

गणवेशावरून आठवलं. आम्हाला नाडीचा पायजमा देत आणि सुरक्षेसाठी नाडी काढून घेत. पुढचं तुम्हीच समजा. एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हातात जेवणाचं ताट.

टेकडी_उतार | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

विषय जिव्हाळ्याचा म्हणून थोडा इतिहास. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये वेबर्न इथे प्रचंड मोठं मनोरुग्णालय होतं. तिथले प्रमुख डॉक्टर हम्फ्री ऑस्मंड आणि आर्किटेक्ट कियो इझुमी यांना प्रश्न पडला की पेशंटला हा वॉर्ड दिसतो तरी कसा. म्हणून इझुमीने एलएसडी, म्हणजे भास घडवणारं रसायन, घेतलं आणि वॉर्डातून फिरला. लांबच लांब बोळ, बिनदारांची कपाटं काळ्या गुहांसारखी, खाटा एवढ्या उंच की बसलं तर पाय जमिनीला लागत नाहीत. पुढे यॉर्कटनच्या मानसोपचार केंद्राचा आराखडा त्याने याच अनुभवावरून केला.

त्याच वेबर्नमध्ये रॉबर्ट सॉमर नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात नवीन खुर्च्या आल्या होत्या, सगळ्या भिंतीला पाठ लावून रांगेत. बायका दिवसभर समोर बघत बसायच्या. याने चौकोनी टेबलं आणून भोवती खुर्च्या लावल्या. काही आठवड्यांत त्यांचं आपापसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. खुर्च्या त्याच, बायका त्याच. पण सुरुवातीला बायका आणि स्टाफ, दोघांनाही ते आवडलं नाही, खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीला जायच्या.

बोरकूट | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४१

म्हणजे एलएसडी घेणं परवडलं, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारणं नाही! आर्किटेक्ट लोक, _/\_

बाकी भिंतीला पाठ लावून रांगेत खुर्च्या म्हणजे मयताला आलेल्यांची बसायची सोय. तिथे कोण गप्पा मारणार?

गेरूचौकट | १६ ऑक्टोबर, दुपारी १:००

बोरकूट, ट्रस्टींना एलएसडीचा खर्च मंजूर करायला सांगून बघते :)

रात्रपाळी ताई, त्या उंच काउंटरची उंची आठवते का? मी साडेतीन फूट धरली आहे.

रात्रपाळी | १६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

तीच असणार. अडीच करा. माझे गुडघे साक्षीला येतील.

डॉ_पानगळ | १६ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. हसणाऱ्या डॉक्टरांच्या जागी दहा वर्षांपूर्वी मीही असतो.

कधी विचारायचं: ॲडमिट असताना नाही, किंवा फक्त तेव्हाच नाही. डिस्चार्जनंतर तीन-चार आठवड्यांनी फॉलोअपला येतात तेव्हा डोकं शांत असतं आणि आमची भीती कमी. विचारणारा माणूस हॉस्पिटलचा नको. आणि त्यांचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्या. तुम्ही फी घेता, मी घेतो, वॉर्डाची खडान्‌खडा माहिती असलेल्याने फुकट का सांगावं?

जे फार आजारी आहेत, बोलूच शकत नाहीत, त्यांनाही विचारता येतं. एक दिवस कोपऱ्यात बसून फक्त बघा. कोण कुठे बसतो, कोण कशाच्या आड जातो, फरशी कुठे झिजली आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही डॉक्टरच आर्किटेक्टला सांगायला विसरतो. औषधं. काही औषधांनी पाय स्थिर राहत नाहीत, माणूस येरझाऱ्या घालतो. बोळ भिंतीला जाऊन संपला की तो बिचारा भिंतीशी वळतो, आणि आम्ही लिहितो "अस्वस्थ". फेरी पूर्ण होईल असा रस्ता द्या. काही औषधांनी तोंडाला कोरड पडते आणि लिथियमवर असलेल्याला तहानही लागते नि सारखी लघवीही. म्हणजे पाणी आणि संडास रात्री जवळ हवा, वाटेत उजेड हवा. हात थरथरतात, तर पेल्याला कान हवा.

आता मतभेदाचा मुद्दा. पाश्चात्त्य देशांत एकेकट्याच्या खोल्यांवर भर आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणू नये असं मला वाटतं. माझे कितीतरी पेशंट एकटं झोपायलाच घाबरतात.

एक_आई | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

डॉक्टर, माझ्या मुलीला एकटी खोलीच हवी होती. बारा खाटांच्या हॉलमध्ये तिला वाटायचं की सगळ्या तिच्याबद्दलच बोलतायत. आणि खरं सांगू? थोडंफार बोलतही होत्या.

झिरोचा_दिवा | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

मला हॉल चालला. फक्त भिंतीकडेची खाट हवी होती. मधल्या खाटेला पाठच नसते. दोन्हीकडून कुणीतरी असतं.

म्हापशेकार | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आमच्या गोंयच्या घरांना बाल्कांव असतो, दारापुढे समोरासमोर दोन बाकं. तिथे बसलेला माणूस घरात पण असतो नि रस्त्यावर पण. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा, कोण काय म्हणत नाही. हॉल हवा का खोली हवी, भांडण कशाला? प्रत्येक चार खाटांमागे एक बाल्कांव काढा.

खडूस_काका | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

आमच्याकडे त्याला ओसरी म्हणतात. कल्पना वाईट नाही. पण खिडक्यांना ग्रिल लागणारच, आणि ग्रिल आलं की ओसरीचा तुरुंग होतो. त्याचं काय?

टेकडी_उतार | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

काका, इंग्लंडातल्या यॉर्कच्या रिट्रीटने हे १७९६ मध्येच सोडवलं होतं. खिडकीच्या तावदानांची चौकटच लोखंडी, पण दिसायला लाकडी खिडकीसारखी. माणूस बाहेर पडणार नाही, आणि डोळ्यासमोर गजही नाहीत.

खडूस_काका | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

हं. हे फॅब्रिकेटर करून देईल. चौकोन पाच इंचांच्या आत ठेवा. गंज येऊ नये म्हणून आधी रेड ऑक्साइड मारा, मग लाकडी रंग. मी विरोधात होतो हे विसरू नका.

थेम्सकाठचा_बंड्या | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

अवांतर, पण गेरूताईंना उपयोगी पडेल. इकडे वॉर्डांसाठी "सेफवॉर्ड्स" नावाचे दहा साधे उपाय आहेत. त्यातला एक: घरी जाणाऱ्याने पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहून भिंतीवर लावायच्या. १५ हॉस्पिटलांतल्या ३१ वॉर्डांत चाचणी झाली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले. दहा उपाय मिळून भांडणतंट्याचे प्रसंग १५ टक्के आणि बळाचा वापर, जबरदस्तीचं औषध वगैरे २६ टक्के कमी. तेव्हा एक भिंत त्यासाठी मोकळी ठेवा, जिथे टाचणी नको पण कागद चिकटेल.

बोरकूट | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:२४

"डाळ पातळ आहे, बाकी ठीक. धीर सोडू नका."

झिरोचा_दिवा | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

बोरकूट, ही एक ओळ मला पहिल्या दिवशी दिसली असती ना, तर फार बरं झालं असतं. थट्टा नाही करत.

गेरूचौकट | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढते आहे. काय झालं ते सांगायचं होतं.

फॉर्म फाडला. डॉक्टर पानगळ म्हणाले तसं फॉलोअपला येणाऱ्यांमधून ९ जण, ४ नातेवाईक, २ मावश्या आणि रात्रीच्या एक सिस्टर, असे जमवले. प्रत्येकाला ५०० रुपये आणि जाण्या-येण्याचा खर्च. ट्रस्टच्या अकाउंटंटला व्हाउचरवर काय लिहावं कळेना, शेवटी "सल्लागार फी" लिहिलं. एक आजोबा ते व्हाउचर घडी घालून घरी दाखवायला घेऊन गेले.

हॉस्पिटलच्या गच्चीवर फक्कीने वॉर्ड खऱ्या मापात आखला, क्रिकेटच्या पिचसारखा. तीन खाटा आणून मांडल्या. "कसं वाटतं" असं एकदाही विचारलं नाही. विचारलं, रात्री दोनला जाग आली, आता काय कराल? मग ते चालून दाखवायचे. एकजण उठला, फक्कीच्या रेघेवरून संडासाकडे निघाला आणि मध्येच थांबला. म्हणाला, इथून जाताना चार खाटांवरच्यांची झोप मोडेल. तिथल्या तिथे संडासाचं दार फिरवलं, पायाने फक्की पुसून.

रंगाबद्दल मी सात छटांची पाटी नेली होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण कमरेपर्यंतचा ऑइलपेंट नको म्हणाले, पाचजण तरी. रात्री ट्यूबचा उजेड त्यात चमकतो आणि कुणीतरी चालत गेल्यासारखं वाटतं. अठरा वर्षं मी ऑइलपेंट लिहिते आहे, "धुता येतो" म्हणून. आता धुता येणारा पण न चमकणारा शोधलाय.

घड्याळ सगळ्यांनी मागितलं. काउंटर अडीच फुटांवर आलं. बोळ आता फेरी पूर्ण करतो, त्यासाठी एक स्टोअर रूम गेली, स्टोअरकीपर माझ्याशी बोलत नाहीत. ओसरी एकच बसली, सहा नाही. नातेवाइकांसाठी खाटेखाली ओढता येणारी बैठी फळी. एक_आई, बाथरूममधलं कपाट आहे, आणि जिन्यापाशी एक छोटी खोली, दार लागणारी.

खाटेजवळ स्वतःचा दिवा लावायचं बटण मात्र नामंजूर. आरसा अजून वादात आहे: सिस्टरांना नको, पेशंटना हवा, मला उत्तर सुचलेलं नाही.

आणि ते हसणारे डॉक्टर शेवटी गच्चीवर आले, बूट काढून खाटेवर आडवे झाले. दहा मिनिटं गप्प. मग म्हणाले, "इथे वर ट्यूब दाखवली आहे का? डोळ्यात येईल." वर आभाळ होतं, ट्यूब फक्त नकाशात होती.

खडूस_काका | २९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

फक्कीची कल्पना चांगली. आम्ही आखणीनंतर मालकाला उभं करायचो, राहणाऱ्याला कधी केलं नाही. स्टोअरकीपरला जिन्याखालची जागा द्या, बोलायला लागेल.

एक_आई | २९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

कायद्याने पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात रुग्णांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांना जागा दिली आहे. बांधकाम समितीत का नाही, हे पुढच्या मीटिंगला विचारा. माझ्याकडून विचारलंय म्हणून सांगा. कपाटाबद्दल लेकीला सांगितलं. "वरच्या कप्प्यात ठेवू नका म्हणावं, हात पोचत नाही" म्हणाली.

गेरूचौकट | २० फेब्रुवारी, दुपारी १२:१०

पहिलं बाथरूम तयार झालं. कडी बसली, नाण्याने उघडणारी. सिस्टरांनी पाच रुपयांचं नाणं दोरीने काउंटरला बांधून ठेवलंय. झिरो भाऊ, पाढे बंद.

रात्रपाळी | २० फेब्रुवारी, दुपारी १:४५

दार लाकडी आहे का? मग पावसाळ्यात फुगेल आणि कडी खाचेत बसणार नाही. आमच्याकडे जूनमध्ये हमखास व्हायचं. एकदा रंधा मारून घ्या.

झिरोचा_दिवा | २० फेब्रुवारी, दुपारी २:०५

जूनमध्ये मी येऊन बघतो. व्हाउचर तयार ठेवा.